रुग्णाशी नाते

रुग्णालयात नाव नोंदविताना केसपेपरवर एक लहानसा रकाना भरावा लागतो. रुग्णाचे नाव, वय, पत्ता लिहून झाला की त्याच्याबरोबर आलेल्या माणसाचे नाव विचारले जाते आणि त्यापुढे लिहिले जाते, ‘रुग्णाशी नाते’. बोईसरच्या लहानमोठ्या रुग्णालयांत आजाऱ्यांच्या भेटीस जाण्याचा प्रसंग आमच्यावर अनेकदा आला आहे आणि हा रकाना भरला जात असताना आम्ही पुष्कळदा शेजारी उभे राहिलो आहोत. रात्रपाळीत हात भाजलेल्या वा चक्कर येऊन पडलेल्या कामगाराला त्याच्या खोलीतला सोबती रिक्षात घालून आणतो. खिडकीआडून प्रश्न येतो, “तुम्ही यांचे कोण?” गोरखपूरचा माणूस गंजामच्या माणसाकडे पाहतो आणि सांगतो, “भाऊ.” दोघांची भाषा निराळी, आडनाव निराळे, तरी खिडकीआडची व्यक्ती निमूटपणे ‘भाऊ’ असे लिहून घेते. हे असत्य सर्वांच्या सोयीचे असते, आणि गावाकडून खरा भाऊ येऊन उभा राहीपर्यंत ते टिकते.

या भागाचा इतिहासच असा आहे की येथे रक्ताचे नाते बहुधा दूर असते. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि रसायने, औषधे, कापड व पोलाद यांच्या कारखान्यांभोवती परप्रांतीय कामगारांच्या चाळी वाढल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला, तरी गंभीर रुग्णाला मुंबई, वापी किंवा सिल्वासा येथे हलविण्याची पाळी अजूनही येते. महामार्गावरून धावणाऱ्या त्या रुग्णवाहिकेत चालकामागे जो बसतो, तो बहुतेक वेळा सोबती असतो. आईवडील गावी असतात, पत्नी गावी असते. दूरध्वनीवर कळविले तरी आगगाडीने यायला दोन दिवस लागतात.

मग जो सोबती केवळ खोलीतला सोबती नसून आयुष्याचा जोडीदार आहे, त्याने त्या खिडकीपाशी काय सांगावे? दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया वर्षानुवर्षे एका छपराखाली संसार करीत असतील, आणि त्यांतील एकाला अतिदक्षता विभागात नेले गेले, तर दुसऱ्याला आत जाता येते का, डॉक्टर त्याच्याशी बोलतात का, शस्त्रक्रियेच्या कागदावर त्याची सही चालते का, आणि शेवटी शवागारातून देह कोणाच्या ताब्यात मिळतो? हा प्रश्न पाश्चात्त्य देशांचा आहे, आपल्याकडे त्याचे काय, असे म्हणणारे वाचक असतील. आमचे मत तसे नाही. आजाऱ्याशेजारी बसण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर फार जुना आहे. त्याची रूपे तेवढी बदलत गेली.

‘आप्त’ हा शब्दच पाहा. संस्कृतात त्याचा एक अर्थ विश्वासार्ह असा आहे; म्हणून तर विश्वसनीय पुरुषाच्या वचनाला आप्तवाक्य म्हणतात. रक्ताच्या नात्याचा अर्थ मराठी बोलीत पुढे इतका प्रबळ झाला की मूळ अर्थ मागे पडला. ‘जोडीदार’ हा शब्द तर बैलांना, भजनातल्या टाळकऱ्यांना, धंद्यातल्या भागीदारांना आणि नवराबायकोला सारखाच लागू पडतो. केसपेपरवर मात्र तो अद्याप आलेला नाही.

१५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि पुढील दोन शतके, १७३९ मध्ये तारापूर आणि पाठोपाठ वसई मराठ्यांनी जिंकेपर्यंत, या पट्ट्यात त्यांचा अंमल होता. त्या अंमलातील अनेक गोष्टी आठवाव्याशा वाटत नाहीत. एक संस्था मात्र या विषयासंबंधी आठवते, ती ‘मिझेरिकॉर्डिया’. लिस्बनमध्ये १४९८ साली स्थापन झालेला हा दयाबंधूंचा संघ पोर्तुगीज जेथे गेले तेथे गेला. गोव्यात आला, तसा वसईच्या किल्ल्यातही आला. या संघाचे काम ख्रिस्तसभेने सांगितलेल्या दयाकृत्यांवर बेतलेले होते. भुकेल्यास अन्न देणे, आजाऱ्याची भेट घेणे, बंदिवानाकडे जाणे, मृतास मूठमाती देणे ही ती कृत्ये. त्यांत नात्याचा उल्लेख नाही. ज्याचे कोणी नाही त्याची खाट आणि त्याचे प्रेत हे संघबंधूंचे कर्तव्य होते. त्या संघात कुलीनपणाचा, रंगाचा आणि संपत्तीचा अहंकार पुष्कळ होता हेही खरे. पण आजाऱ्याशेजारी कोण बसतो याचे उत्तर रक्ताच्या पलीकडे शोधता येते, एवढे तरी त्याने या किनाऱ्यावर दाखवून दिले होते.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. आमच्या पिढीला तरी या प्रश्नाची पहिली ठिणगी गोव्यात दिसली. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हापशाच्या पोलिसांनी डॉमिनिक डिसोझा या तरुणाला बोलावून घेतले. तो नियमित रक्तदान करणारा होता, आणि त्याच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू सापडला होता. त्याला स्वतःला ते कोणी सांगितले नव्हते. गोव्याच्या १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात पुढे घातलेल्या कलमानुसार अशा व्यक्तीस अलग ठेवणे बंधनकारक होते. क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या इमारतीत, पोलिसांच्या पहाऱ्यात, त्याला ठेवण्यात आले. त्याचा गुन्हा नव्हता, त्याला ताप नव्हता, औषधोपचारही चालू नव्हते. चौसष्ट दिवस तो तेथे होता.

न्यायालयाचे दार ठोठावले ते त्याच्या आईने. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढील तो खटला ‘लुसी डिसोझा विरुद्ध गोवा राज्य’ या नावाने विधिग्रंथांत नोंदला गेला आहे. अ‍ॅडव्होकेट आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. डॉमिनिकची सुटका झाली आणि कायद्यातील सक्तीचा शब्द सौम्य झाला. परंतु निकालात न्यायालयाने अलगीकरणाची तरतूद घटनाबाह्य ठरविली नाही. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत संघर्ष आला तर समाजाचे हित वरचढ, असा त्या निकालाचा आशय होता. डॉमिनिकची नोकरी गेली. त्याने आपल्यासारख्यांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था सुरू केली आणि मे १९९२ मध्ये मुंबईत त्याचे निधन झाले. या प्रकरणावरून स्फुरलेला ‘माय ब्रदर निखिल’ हा चित्रपट २००५ साली आला. त्यात नायकाची सेवा करणारी दोनच माणसे उरतात, बहीण आणि त्याचा पुरुष जोडीदार. चित्रपट हा चित्रपट असतो, तो चरित्र म्हणून वाचू नये. पण गोव्याच्या कॅथलिक घरांत तो पाहिला गेला तेव्हा अनेकांना आपल्या ओळखीचा एखादा चेहरा आठवला असेल, असे आम्हांस वाटते.

या खटल्यात आईला ‘तुम्ही त्याच्या कोण?’ असे कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणच नव्हते. त्या वर्षांत मुंबईच्या रुग्णालयांतून एड्सने आजारी पडलेल्या ज्या पुरुषांना घरच्यांनी टाकले होते, त्यांच्या खाटेपाशी बसणाऱ्या मित्रांना हा प्रश्न विचारला जात असे, आणि त्याला देण्याजोगे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. १८६० च्या दंडसंहितेचे ३७७ वे कलम तेव्हा जारी होते. जोडीदार म्हणून उत्तर देणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देण्यासारखे होते. अशोक राव कवी यांनी १९९० साली मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले आणि १९९४ साली ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला, तो याच पार्श्वभूमीवर. प्रवासातला सोबती असा त्या नावाचा अर्थ होतो.

दुसरे प्रकरण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले. त्याचा समलिंगी जोडप्यांशी प्रत्यक्ष संबंध नाही; तरी आजाऱ्याचे आपले माणूस कोण, या प्रश्नाचा इतका सखोल विचार आपल्या देशात दुसऱ्या कोणत्या प्रकरणात झाला असेल असे आम्हांस वाटत नाही. अरुणा शानभाग ही तेथील परिचारिका मूळची उत्तर कन्नडमधील हळदीपूरची. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने तिच्यावर अमानुष हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि ती पुन्हा कधी शुद्धीवर आली नाही. तिचा विवाह ठरलेला होता. वाग्दत्त वर काही वर्षे येत राहिला, मग त्याचे येणे थांबले. आईवडील निवर्तले. इतर नातेवाईक दुरावले.

राहिल्या त्या परिचारिका. एका तुकडीने दुसऱ्या तुकडीकडे, निवृत्त होणारीने नव्याने येणारीकडे अरुणाला सोपविले. तिला भरविणे, न्हाऊ घालणे, कुशीवर वळविणे हे पिढ्यान्पिढ्या चालले. इतकी वर्षे खाटेला खिळूनही तिच्या अंगाला जखमा होऊ दिल्या नाहीत. मध्यंतरी महापालिकेने तिला अन्यत्र हलविण्याचा घाट घातला तेव्हा याच परिचारिकांनी काम बंद पाडले. पुढे पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की तिला कृत्रिमरीत्या जगविणे थांबवावे. विराणींनी तिच्यावर पुस्तक लिहिले होते आणि त्यांची कळकळ खरी होती, याविषयी न्यायालयालाही संशय नव्हता. प्रश्न असा उभा राहिला की अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा?

७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांच्या पीठाने निकाल दिला. रात्रंदिवस जिची सेवा केली तिच्या खऱ्या हितचिंतक के. ई. एम. च्या कर्मचारी मंडळीच आहेत. तिच्या वतीने निर्णय घ्यावयाचा तर तो त्यांनी, असा त्या निकालाचा एक भाग होता. इच्छामरणाच्या चर्चेच्या गदारोळात वृत्तपत्रांनी या भागाकडे फारसे लक्ष दिले नाही. आम्हांस मात्र तोच महत्त्वाचा वाटत आला आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने येथे नात्याचा पुरावा जन्मदाखल्यात शोधला नाही, तो खाटेशेजारी शोधला. १८ मे २०१५ रोजी अरुणा गेली तेव्हा अंत्यसंस्कार कोणी करावेत यावरून नातेवाईक आणि परिचारिका यांच्यात वाद झाल्याचे त्या दिवसांत प्रसिद्ध झाले होते. इतक्या वर्षांनी आलेल्यांना त्या बायांनी काय विचारले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

येथे कायद्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण रुग्णालयांच्या पाट्यांमुळे लोकांचा गैरसमज होतो. प्रौढ व शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या उपचाराला संमती त्याची स्वतःचीच लागते. समीरा कोहली प्रकरणात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. तेथे रुग्ण भुलेखाली असताना डॉक्टरांनी आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली होती, आणि ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. म्हणजे आईचीसुद्धा सही चालत नाही, तेथे भावाची किंवा जोडीदाराची चालण्याचा प्रश्न नाही. अडचण येते ती रुग्ण बेशुद्ध असताना. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत शस्त्रक्रियेपूर्वीच्या लेखी संमतीसंबंधी पती, पत्नी, अज्ञानाच्या बाबतीत आईबाप वा पालक, आणि स्वतः रुग्ण यांचाच उल्लेख आहे. भेटीच्या वेळा आणि अतिदक्षता विभागात कोणाला सोडावे हे तर बहुतांशी रुग्णालयाच्या रिवाजावर चालते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत लैंगिक कलावरून भेदभाव करू नये असे म्हटले आहे, आणि महाराष्ट्राने २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद समाविष्ट केली. ती दर्शनी भागी लावलेली असते. तिच्यासमोर थांबून ती वाचणारा माणूस आम्ही अजून पाहिला नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न एका अपघाताने चव्हाट्यावर आला. नोव्हेंबर १९८३ मध्ये मिनेसोटा राज्यात शॅरन कोवाल्स्की ही तरुणी मोटार अपघातात सापडून मेंदूच्या इजेने अपंग झाली. तिची जोडीदारीण कॅरन थॉम्पसन तिला पुन्हा बोलते-लिहिते करण्यासाठी तासन्‌तास तिच्यापाशी बसत असे. १९८५ मध्ये शॅरनच्या वडिलांकडे पालकत्व गेले आणि कॅरनला भेटीची बंदी झाली. वडील दुष्ट होते असे नव्हे. आपली मुलगी तशी आहे हेच त्यांना मान्य नव्हते. भेट पुन्हा सुरू व्हायला काही वर्षे गेली, आणि डिसेंबर १९९१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने कॅरनला पालक नेमले. पुढे १५ एप्रिल २०१० रोजी अध्यक्ष ओबामा यांनी शासकीय निधी घेणाऱ्या रुग्णालयांना आदेश दिला की कोणी भेटावे हे रुग्णाने ठरवावे. फ्लोरिडात तीन वर्षांपूर्वी एक स्त्री मरणासन्न असताना तिची जोडीदारीण आणि मुले बाहेर ताटकळत ठेवली गेली होती, त्या घटनेचा त्यामागे संबंध होता. त्या आदेशाचा फायदा अविवाहित वृद्धांना, विधवांना आणि मठवासीयांनाही झाला, हे सहसा कोणी सांगत नाही.

याच संदर्भात सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्चबिशप विल्यम लेवाडा यांची एक युक्ती नोंदवण्याजोगी आहे. १९९७ साली त्या शहरात असा नियम लागू झाला की शहराशी करार असलेल्या संस्थांनी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांनाही पतिपत्नीसारखेच लाभ द्यावेत. कॅथलिक संस्थांपुढे पेच पडला. लेवाडा यांनी तोडगा काढला की प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या घरात राहणाऱ्या कोणाही एका व्यक्तीचे नाव द्यावे, मग ती म्हातारी आई असो, बहीण असो वा मित्र. विवाहासंबंधीची ख्रिस्तसभेची शिकवण तशीच राहिली आणि आजाऱ्याला औषधही मिळाले. हेच लेवाडा २००५ साली रोममध्ये श्रद्धाशिकवणीच्या मंत्रालयाचे प्रमुख झाले.

आपल्याकडे ३७७ व्या कलमाचा प्रवास लांबला. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी दिलासा दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी काढून घेतला. त्या डिसेंबरात मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी जाहीरपणे सांगितले की समलिंगी विवाहाला ख्रिस्तसभेची मान्यता नाही, परंतु अशा व्यक्तींना तिने गुन्हेगारही मानलेले नाही. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये तेच अधिक ठळकपणे सांगितले. दरम्यान ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम रद्द केले होते.

गुन्हा गेला, नाते मात्र आले नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला. त्यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या अल्पमतातील निकालपत्रात सरकारी समितीने विचारात घ्यावयाच्या बाबींची यादी दिली. शिधापत्रिका आणि बँकेचे खाते तीत होतेच. शिवाय मरणासन्न रुग्णाबाबत डॉक्टरांनी जोडीदाराला कुटुंबीय समजून विचारणे, तुरुंगात भेटीची मुभा आणि मृत जोडीदाराचा देह ताब्यात घेऊन अंत्यसंस्कार करण्याचा अधिकार, या बाबी होत्या. यादी वाचताना आम्ही क्षणभर थांबलो. आजाऱ्याजवळ जाणे, बंदिवानाची भेट, मृतास मूठमाती. वसईच्या दयाबंधूंना ती यादी परकी वाटली नसती.

समिती झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठविले. समलिंगी व तत्सम व्यक्तींबाबत भेदभाव टाळावा आणि निकटचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला देह मिळण्याची व्यवस्था करावी, असे त्यात होते. यातील ‘उपलब्ध नसतील तेव्हा’ हे शब्द वाचकांनी पुन्हा वाचावेत. नातेवाईक बहुधा उपलब्ध असतात. दहा वर्षे ज्याचे तोंड पाहिले नाही त्याच्या प्रेतासाठी ते आगगाडीने दोन दिवस प्रवास करून येतात. २२ मे २०२५ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने विवाह हा कुटुंब होण्याचा एकमेव मार्ग नाही, स्वतः निवडलेले कुटुंबही कुटुंबच, असे म्हटले. आणि २००२ च्या त्या आचारनियमांविरुद्ध एका स्त्रीने आपल्या जोडीदारिणीसाठी केलेल्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये नोटिसा काढल्या.

आमच्या ओळखीच्यांना आम्ही सांगतो ते एवढेच, की कागद अगोदर करून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेले आणि २४ जानेवारी २०२३ रोजी सोपे केलेले वैद्यकीय इच्छापत्र दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर करता येते, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे ते त्यात लिहिता येते. मानसिक आजाराच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने साध्या कोऱ्या कागदावर, सही वा अंगठा करून, कोणाही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमण्याची सोय केली आहे. त्या कागदावर नाते सिद्ध करावे लागत नाही. एकच आजार सोडून इतर आजारांना ही सवलत का नसावी, हे कळत नाही. बारा तासांची पाळी करणारा चाळीतला कामगार नोटरीकडे जाणार कधी, हाही प्रश्न आहेच.

मागील खेपेस बोईसरच्या एका रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीपाशी गर्दी नव्हती, म्हणून आम्ही तेथील मुलीला सहज विचारले की उद्या कोणी ‘जोडीदार’ असे सांगितले तर तू काय लिहिशील. तिने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळविला. पती, पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आणि सर्वांत खाली ‘इतर’. “इतर लिहीन,” ती म्हणाली, आणि थोडा विचार करून तिने विचारले, “पण काका, ते रात्री थांबणार असतील ना? मग मोबाईल नंबर मात्र त्यांचाच घेईन.”